न लागलेले फोन

अरे ऐका ना, हॉल इतका खच्चून भरलेला की माणसं खिडकीत चढून बसलेली! आणि स्टेजवर गुणवत्तामहाराज. नाव आम्हीच ठेवलेलं. तसा तो कारखान्यांना गुणवत्तेचं सर्टिफिकेट मिळवून देणारा सल्लागार, पण थाट बघाल तर!

"सर्टिफिकेट भिंतीवर लागलं की धंद्याला पंख फुटतात! आम्ही पाहणी केलीय. घेतलेले जवळजवळ सगळे वर गेले!"

टाळ्या काय, शिट्ट्या काय!

माझ्या शेजारी काका. त्यांचा पितळी नळांचा कारखाना होता. सर्टिफिकेट घेतलं, झकास फ्रेम केली, तरी बंद पडला. तेव्हापासून काका स्वतःच्याच घरात चोरासारखे वावरतात. तर ते धीर करून उठले. "साहेब, माझं कुठे चुकलं?"

महाराज गोड हसला. "मनापासून विश्वास ठेवला नसणार, काका."

लोक हसले रे! काका गुपचूप खाली बसले.

मग ताई उठली. कॉलेजात संख्याशास्त्र शिकवते ना ती. "पाहणी कशी केलीत?"

"एकेका कारखान्याला फोन करून, मॅडम!"

"आणि ज्यांचा लागला नाही?"

"ते वगळले. उगाच हिशेब बिघडतो."

ताई वळली. "काका, तुम्हाला आला होता फोन?"

"कसा येईल गं? शटर पाडलं तेव्हाच कारखान्याचा फोन काढून टाकला."

एवढीच जादू, बघा! बुडालेल्यांना विचारायचंच नाही, मग तरलेलेच उरणार ना? ताई थांबतेय कुठे! "वर गेले त्यांचं आधीपासूनच बरं चाललं होतं का? सर्टिफिकेट न घेतलेल्यांचं काय झालं? बघितलंत?" महाराज घटाघट पाणी प्यायला लागला.

बाहेर आल्यावर काकांनी हळूच विचारलं, "म्हणजे माझी चूक नव्हती?"

मला वाटलं, ताई झटकन 'नव्हतीच' म्हणेल. पण ती म्हणाली, "ते यावरून नाही सांगता येत, काका. पण होती, असंही कुणाला म्हणता येत नाही."

"एवढंच कुणीतरी आधी बोलायला हवं होतं गं," म्हणाले, आणि भर रस्त्यात, आमच्या देखत, रडले रे काका.

म्हणून सांगतो, असले चमत्कार कुणी ऐकवले तर टाळी वाजवायच्या आधी विचारा: बंद पडलेल्यांची दारं वाजवलीत का?