काहिलीखालचं बिऱ्हाड

मित्रांनो, अंगणाच्या कडेला पालथी पडलेली ही गंजकी वस्तू म्हणजे एखादी मोठी परात आहे, असं तुम्हाला वाटलं असेल. तशी चूक पुष्कळांची होते. मी परात नव्हे. उसाचा रस जिच्यात आटवून गूळ करतात, ती मी लोखंडी काहील. तुमच्यापैकी चौघं-पाचजण माझ्यात आरामात निजू शकाल. पण आज मी तुम्हाला गुळाची गोष्ट सांगणार नाही. मी एका घराचं छप्पर कशी झाले, ते सांगणार आहे.

माझा जन्म सांगलीतल्या एका लोहाराच्या भट्टीपुढं झाला. त्यानं पत्र्याला पत्रा जोडून खिळे ठोकले आणि उचलण्यासाठी मला कड्या बसवल्या. दुसरं महायुद्ध संपून वर्ष झालं होतं. पलटणीतून घरी परतलेले हंबीरराव मला न्यायला आले. मी बैलगाडीत मावेना. दोन्ही अंगांनी बाहेर डोकावत मी कृष्णाकाठच्या वाटेनं निघाले, तेव्हा वाटेत एकानं विचारलं, "हंबीरा, पलटणीतनं रणगाडा आणलास व्हय रं?" रणगाडा म्हणजे काय ते मला ठाऊक नव्हतं, तरी मी उगाच फुगले.

गावातलं भावकीचं घर अपुरं पडू लागलं होतं. म्हणून हंबीरराव रानात, आपल्या उसाला लागून, नवं घर बांधत होते. दगडमातीच्या भिंती झाल्या, मोठ्या खोलीवर वासे चढले, पण कौलं कुठं मिळेनात. आणि त्यांच्या आई धोंडुबाई तर थांबायला तयार नव्हत्या. "पाडव्याला नव्या चुलीवर दूध उतू गेलंच पायजे. छप्पर काय, मागनं यील."

दिवाळीच्या पाडव्याला दूध उतू गेलं. सगळ्यांनी हात जोडून वर पाहिलं, तर वर नुसतं निळं आभाळ. दूध उतू गेलं की त्या घरात रोज दिवा लागला पाहिजे, ही रीत. आता परत फिरायचं कसं? तेव्हा हंबीररावांची पत्नी बनुबाई हसत म्हणाली, "आवं, एवढी मोठी काईल रिकामीच पडलीया. घाला की भिंतींवर पालथी."

चुलीची खोली लहान होती. गड्यांनी मला उचललं आणि तिच्या भिंतींवर टोपीसारखं बसवलं. माझ्या पोटाखाली माणसांचं बिऱ्हाड मांडलं गेलं. मला इतका आनंद झाला, की विस्तव नसतानाही मी तापल्यासारखी झाले. बनुबाईनं भिंती स्वतः लिंपल्या, कोनाडा केला, चिमुकल्या लेकीला, शालूला, गोधडीत गुंडाळून उबेला निजवलं. पहाटे चुलीची वाफ माझ्या गार पत्र्याला लागायची आणि थेंब नेमका धोंडुबाईंच्या टाळूवर पडायचा. "मेली रोज आंघूळ घालतीया मला," त्या म्हणायच्या. पण निजायची जागा काही बदलायच्या नाहीत.

मग थंडी उतरली. गुऱ्हाळाचे दिवस आले आणि एक मोठाच पेच पडला. कौलं नाहीत, तर मोठ्या खोलीचं छप्पर शाकारायला उसाचा वाळलेला पाला हवा. पाला मिळतो ऊस तोडल्यावर. तोडलेला ऊस ठेवून चालत नाही, रस आंबतो, म्हणून तो लगेच गाळून आटवावा लागतो. आटवायला चुलाणावर, म्हणजे गुऱ्हाळाच्या भल्या मोठ्या चुलीवर, हवी काहील. आणि काहील तर छप्पर होऊन बसलेली. गावातल्या बाकीच्या काहिली ज्याच्या त्याच्या कामात होत्या.

अशात बनुबाईचे वडील गुंडाबा येऊन गेले. जावयाला म्हणाले, "पाव्हणं, काईल चुलाणावर चढली की माझी लेक आन नात आभाळाखाली. त्या दिशी सांजच्याला मी गाडी घिऊन यतो. घर शाकारल्यालं दिसलं तर पानी पिऊन माघारी जाईन. न्हाई तर दोघींस्नी उन्हाळ्यापतूर माझ्याकडं ऱ्हाऊ द्या."

बनुबाईनं आपण लिंपलेल्या भिंतीवर नुसता हात फिरवला.

दुसऱ्याच दिवशी हंबीररावांनी इर्जिक सांगितली. इर्जिक म्हणजे शेजाऱ्यांनी एकत्र येऊन एखाद्याचं काम एका दिवसात उरकून द्यायचं. त्याला मजुरी नसते, पोटभर जेवण असतं. ठरल्या दिवशी उजाडताच गडी आले. मला उतरवून चुलाणावर ठेवलं. काय ती धावपळ! कोणी ऊस तोडत होतं, कोणी त्याचा पाला सोलून काढत होतं, चरकाभोवती बैल फिरत होते. गूळ करण्यात मुरलेले नानासो माझ्या काठाशी उभे राहून रस ढवळत होते. माझ्या पोटात रस उसळत होता आणि माझं सगळं लक्ष मात्र शेजारच्या घराकडं. हंबीरराव एकटेच वर चढून भराभर पाला बांधत होते.

ऊन कलताना गुंडाबांची गाडी आली. छप्पर अर्धंच झालं होतं. त्यांनी मान वर करून पाहिलं आणि कपाळाला हात लावला.

"पाव्हणं, आढ्यापासनं खाली शाकारता व्हय? पानी भाईर सोडायचं का आत?"

हंबीरराव ओशाळले. छप्पर खालच्या कडेपासून वर शाकारायचं असतं, हे रानातलं पोरही जाणतं. "ठाव हाय मामा," ते म्हणाले, "पर पाळणा आढ्याला टांगणार हाय. म्हटलं, काय बी हू दे, शालूवर तरी पाला पडू दे आदी."

गुंडाबांनी पायताण काढलं आणि धोतर खोचलं. "सोडा ते समदं. नानासो, रस तुमी बगा. बाकीची वर या."

बांधलेलं सुटलं आणि कडेपासून नव्यानं थर चढू लागले. इकडं रस आटून गूळ होताच नानासोंनी मला चुलाणावरून खाली ओढायला लावलं, तिकडं गुंडाबांनी आढ्यावर शेवटची पेंढी आवळली. अंधार पडत होता. बनुबाईनं बापाच्या हातावर पानात ऊन ऊन गूळ ठेवला.

"गाडी जुपू का, आबा?"

"बैलं सोड. एवढ्या थंडीत कोन जातंय?"

सकाळी गुंडाबा रिकामी गाडी घेऊन निघाले. जाताना जावयाला म्हणाले, "रातभर वर बघत व्हतो. एक बी चांदनी दिसली न्हाई."

मित्रांनो, पुढं कौलं आली, घर पुरं झालं. मी कितीतरी हंगाम गूळ केला आणि शेवटी पत्रा झिजून विस्तव सोसेनासा झाल्यावर इथं येऊन पडले. शालू आता आजी झाली आहे. माझं एवढंच मागणं आहे. खेळता खेळता मला उताणी करून सोडून जाऊ नका. पाणी साचून लोखंड सडतं, हे तर खरंच. पण कालपासून एक कोंबडी पिलं घेऊन माझ्याखाली राहायला आली आहे. थंडीचे दिवस आहेत. तिचं बिऱ्हाड मोडू नका.