नम्रताच्या पायानं आलेला खैऱ्या

नम्रता लग्न होऊन आली ऐन उन्हाळ्यात आणि सासूच्या लिंबांवर खैऱ्या आला श्रावणात. पानंफळं तपकिरी, खरखरीत खपल्यांनी भरली. असली लिंबं शिळफाट्याच्या बाजारात कोणी मिरच्यांबरोबर दारावर टांगायलाही घेईना. खालापूरकडच्या त्या गावात सासूची, म्हणजे सोनुबाईची, सगळी ऐट त्या झाडांवर. दोष कुणाच्या तरी माथी मारायलाच हवा होता आणि नवी सून घरात आयती होती.

"पांढऱ्या पायाची हाय," सोनुबाई शेजारणीला म्हणाली, नम्रताला ऐकू जाईल एवढ्या आवाजात.

नम्रताच्या नवऱ्याने, साईराजने, कृषी खात्याच्या साहेबांना बोलावलं. ते म्हणाले, "हा जंतूंचा रोग. पावसाच्या शिंतोड्यांनी पसरतो. कोरड्या हवेत दबतो, पण फांद्यांत जिवंत राहतो. उन्हाळ्यात रोगट फांद्या छाटून जाळा, नाहीतर पावसात पुन्हा उठेल." साईराजने मान डोलावली. नम्रताला वाटलं, सुटले बाई!

पण सुटते कुठली? सातव्या महिन्यात ती बाळंतपणाला नेरळला माहेरी गेली. थंडीची कोरडी हवा पडली, जुनी पानं गळाली, नवी पालवी स्वच्छ आली. सून गेली आणि झाडं बरी झाली, एवढंच सोनुबाईने पाहिलं. साईराजने कात्री काढली तर म्हणाली, "बऱ्या झाडाला कात्री कशाला रं?" त्याने कात्री ठेवून दिली. आईपुढे त्याचं काही चालायचं नाही.

ज्येष्ठात नम्रता लेकीला घेऊन परतली. पाऊस लागला आणि खपल्या पुन्हा आल्या. आता कोण ऐकतंय? साईराजनेच तिला मोटारसायकलवरून नेरळला पोचवलं. "पावसाळ्यापुरती ऱ्हा," म्हणाला. पावसाळा सरला, हिवाळा सरला, झाडं पुन्हा उजळली. न्यायला कोणी आलं नाही.

मग नम्रता पुढच्या पावसाची वाट बघू लागली. देवाला हात जोडून ती झाडांचा रोग मागायची आणि तिला त्याची जराही लाज वाटत नव्हती. मी तिथे नसताना खैऱ्या येऊ दे, म्हणजे माझं घर मला मिळेल.

श्रावणात निरोप आला, झाडं खपल्यांनी भरलीत. ती मोठ्याने हसली. लेकीला नवा फ्रॉक घातला आणि भर पावसात सासरच्या दारात जाऊन उभी राहिली.

"आई, मी वरीसभर हितं नव्हती. तरी आला ना खैऱ्या? आता तरी पटलं?"

सोनुबाईने तिला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"हितं हुतीस तवा तुज्या पायानं लागायचा. आता तिकडनं नजर लावतेस व्हय गं?"

नम्रता साईराजकडे वळली. "अवो, तुमी तरी बोला! सायबांनी तुमच्यासमोर सांगितलं हुतं."

साईराजने लेकीच्या गालाला बोट लावलं. आईकडे पाहिलं. मग कोनाड्यातली छत्री काढून नम्रताच्या हातात दिली.

"जा गं लवकर," तो म्हणाला. "पाऊस वाढंल."