फुटक्या नळाचा फोटो

दुष्काळात शहरभरच्या पंपांचं नेटवर्क एकच सॉफ्टवेअर सांभाळायचं. त्यात तक्रारीसाठी फुटक्या नळाचा फोटो टाकायची सोय होती, पण ती कुठलीही फाइल निमूट घ्यायची. कुणीतरी फोटोऐवजी पंपांना हुकूम देणारा प्रोग्रॅम टाकला. मुकुंदवाडीला रोज पाणी सुरू झालं, शहागंजचं बंद पडलं.

इंजिनिअर मंदारने हे शोधून साहेबांना सांगितलं. “आजच बंद करतो ही सोय.”

“पावसाळ्यापर्यंत राहू द्या की,” मुकुंदवाडीत राहणारे व्यंकटराव साहेब म्हणाले. “आमची टाकी आत्ता कुठं भरायला लागलीय.”

शहागंजातल्या घरी मंदारच्या बायकोने विचारलं, “सांगितलंस?”

“सांगितलं.”

“मग?”

त्याने लॅपटॉप उघडून स्वतःचा प्रोग्रॅम टाकला. सॉफ्टवेअरने काहीच विचारलं नाही. थोड्या वेळाने नळ खरखरला. मुकुंदवाडीचं काय झालं, ते सकाळी साहेब सांगणारच होते.