ट्रेवरचे बूट

आमच्या इमारतीतला सगळ्यांत शांत माणूस म्हणजे ट्रेवर. तळमजल्यावर डोरीन अ‍ॅक्रॉइडबाईंच्या दाराबाहेर तो बुटांच्या रूपाने राहायचा.

बाई एकाहत्तर वर्षांच्या, एकट्या. दोन वर्षांपूर्वी भरदुपारी कुणीतरी त्यांचं दार लाथांनी फोडायला आलं होतं. तेव्हापासून बाहेर अकरा नंबरचे मर्दानी बूट, घरात पुरुष आहे असं वाटावं म्हणून. बाईंना अर्धवट काम जमत नाही. बूट त्यांनी कॅटलॉगमधून मागवले तेही ट्रेवर हॉलिस या नावाने, आणि रोज सकाळी त्यांना बागेतली ताजी माती फासायच्या.

मग कौन्सिलचं, म्हणजे आमच्या नगरपालिकेचं, पत्र आलं. कॅटलॉगच्या नोंदीत तुमच्या पत्त्यावर ट्रेवर हॉलिस सापडला. हा तुमचा जोडीदार, तो तुम्ही लपवलात, सबब घरभाड्याची मदत चौदा महिने जास्त दिली गेली. चार हजार एकशे सोळा पौंड परत करा. तोवर दर आठवड्याला कापून घेऊ. कापलं की भाडं थकणार, थकलं की घर जाणार.

बाईंनी फेरविचाराचा अर्ज केला. उत्तर आलं: ट्रेवर तिथे राहत नसेल, तर सध्या कुठे राहतो त्याचा पुरावा जोडा.

“मेला म्हणून सांगा ना,” मी म्हणालो. मी वरच्या मजल्यावर राहतो, सल्ले फुकट देतो.

“दाखला मागतील, गाढवा.”

शेवटी अपील. सुनावणीला मीही बरोबर गेलो. बाईंनी पिशवीतून बूट काढून न्यायाधीशबाईंच्या टेबलावर ठेवले.

“यांना माती लागलीय.”

“मीच लावते.”

“रोज?”

“रविवारी नाही.”

कौन्सिलच्या माणसाने तेही लिहून घेतलं. न्यायाधीशबाईंनी एका बुटात हात घातला आणि दुकानातला कागदाचा बोळा बाहेर काढला. मग दुसऱ्यातला. आतून दोन्ही कोरे करकरीत.

निकाल तिथेच मिळाला. ट्रेवर हॉलिस नावाचं कुणी तिथे राहत नाही, एक पेनीही परत द्यायची नाही.

आम्ही बसने परत आलो. दाराशी आल्यावर बाई म्हणाल्या, “आता कागदावर आलं बघ. मी एकटी राहते.”

“कोण वाचायला बसलंय?”

“ते पोस्टाने येणार. आपला पोस्टमन कधी बरोबर दारात टाकतो का पत्र?”

त्यांनी बूट माझ्या हातात दिले. “घाल. जिन्यात चार फेऱ्या मार. जोरात आपट.”

माझा पाय आठ नंबरचा. मी बोळे परत आत कोंबले आणि आपटत चढलो, आपटत उतरलो. चौथ्या फेरीला बाई आतून अख्ख्या इमारतीला ऐकू जाईल अशा ओरडल्या, “ट्रेवर, पाय पूस आधी!”

मी पुसले.