सावकाश, मी थांबलेय

मित्रांनो, माझा जीव तो केवढा, जेमतेम पानभर ओळींचा. मी एक जुनी स्क्रिप्ट आहे. संगणकाने कोणतं काम कशानंतर करायचं, हे सांगणारी. हात नाहीत, पाय नाहीत, पण तोंड आहे आणि ते फटकळ आहे.

मला एका ताईने लिहिलं. रुग्णवाहिका कुठे पाठवायची हे ठरवणारा प्रोग्रॅम तिच्या ऑफिसात तयार होत असे. त्यात काही बदल केला, की त्याचे सर्व्हर आपापल्या बंद कप्प्यांत सुरू व्हायचे. या कप्प्यांना कंटेनर म्हणतात. सर्व्हर तयार झाले की चाचण्या सोडायच्या, हे माझं काम. त्यातला पत्ते सांभाळणारा सर्व्हर म्हणजे महाझोपाळू! दार उघडायचा आणि आत पुन्हा डुलक्या काढायचा. म्हणून मी उघड्या दाराला भुलत नसे. त्याला एक साधा पत्ता विचारी आणि नीट उत्तर आलं की मगच चाचण्या सोडी.

ताई घरूनच काम करायची. शेजारच्या खोलीत तिचे बाबा असत. अर्धांगवायूनंतर त्यांना एकेक शब्द जुळवावा लागे. येणारेजाणारे त्यांचं वाक्य भराभर पुरं करून टाकत, मग बाबा गप्प बसत. ताई मात्र म्हणायची, "सावकाश, बाबा. मी थांबलेय." तेच शब्द तिने माझ्यात घातले. मी उत्तराची वाट पाहत असले, की ते पडद्यावर दिसत. ऑफिसात सगळे त्यावर हसायचे, पण चाचणी फसून मी पडद्यावर लाल झाले की हातातलं काम टाकून धावायचे.

पुढे बाबांचं दुखणं वाढलं आणि ताईने नोकरी सोडली. नव्या साहेबांना माझं थांबणं खुपू लागलं. त्यांनी माझा प्रश्न काढून टाकला, ताईची ओळ पुसली आणि दार उघडताच चाचण्या सोडायला लावल्या. झालं! चाचण्या झोपलेल्या सर्व्हरवर आपटून कोसळू लागल्या. चूक नसतानाही मी रोज लाल. "तिचं काय, ती रोजच बोंबलते," असं म्हणून सगळ्यांनी माझ्याकडे बघणंच सोडलं. इतकं एकटं मला कधी वाटलं नव्हतं.

मग एके दिवशी खरी चूक आली. एकाच नावाच्या दोन गल्ल्यांची अदलाबदल झाली होती. मी घसा फोडून सांगत होते, पण कोणी ढुंकूनही पाहिलं नाही. प्रोग्रॅम तसाच वापरात गेला आणि रुग्णवाहिका भलत्याच गल्लीत गेली. जिन्यात पडलेल्या एक आजी तिची वाट पाहत राहिल्या. त्या वाचल्या, पण आता त्यांना जिना चढता येत नाही.

साहेबांनी ताईला फोन लावला. तिने सांगितलं तसा माझा प्रश्न त्यांनी स्वतः परत लिहिला, तिची ओळही लिहिली. आता मी लाल झाले की लोक पुन्हा धावतात. ताई तेवढी आली नाही.

मित्रांनो, तुमच्या घरी कोणी हळू बोलत असेल, तर त्याचं वाक्य तुम्ही पुरं करू नका. जरा थांबा. एवढंच माझं मागणं.

फोन ठेवताना साहेबांनी विचारलं होतं, "बाबा कसे आहेत?" ताई शब्द जुळवू लागली. तेवढ्यात साहेबांना दुसरा फोन आला आणि त्यांनी हा ठेवून दिला.

मी अजून थांबलेय.