गाईची पापणी

शेण काढता काढता पोरगी गोठ्यातच खाली बसली, तर तिची आई बादली आपटून ओरडली, "ऊठ गं, सोंगाडे! बाईच्या जातीला हे चुकलंय का? आम्ही काय पलंगावर लोळून काढलं?"

मी शेजारीण. मधे एकच भिंत, सगळं ऐकू येतं. पोरगी पंधरा वर्षांची, अंगानं किरकोळ, म्हणून सगळे काडी म्हणायचे. पाळी आली की पंधरवडा सरायचा, पण तिचं वाहणं सरायचं नाही. मी एकदा म्हटलं, "वहिनी, डॉक्टरला दाखवा हिला." तर माझ्यावरच उखडली, "करा गावभर बोभाटा! उद्या हिला पत्करील कोण?"

त्याच आठवड्यात त्यांची गाय व्याली आणि तिचं रक्त थांबेना. मग काय पळापळ! काडीचा बाप अनवाणी धावला, टेंपो आणला, खाली पेंढा पसरला. गाईचं डोकं धरायला काडीला मागं चढवलं. मला राहवेना, मीही चढले. खड्डा आला की बाप पुढून ओरडायचा, "नीट धर गं, लागेल तिला!"

जनावरांच्या दवाखान्यात गाय उतरवली. डॉक्टरानं तिची पापणी ओढून पाहिली. आत पांढरीफटक. "रक्त फार गेलंय," तो म्हणाला. काडीनं ते पाहिलं. टेंपोच्या आरशात वाकून तिनं स्वतःची पापणी खाली ओढली.

"काकू, माझंही तसंच आहे," म्हणाली आणि कोसळली. कपडे रक्तानं चिंब.

"अहो, हिला आधी न्या!" डॉक्टर ओरडला.

"आधी गाईला सुई टोचा," बाप म्हणाला. मेल्याची जीभ झडली कशी नाही! मीच टेंपोवाल्याला दटावून पोरीला मोठ्या दवाखान्यात नेलं.

तिथं रक्ताची बाटली लागली. डॉक्टरीणबाई माझ्यावरच कडाडल्या, "तासातासाला कापड भिजतं, पंधरा दिवस थांबत नाही, हा आजार आहे! गोळ्यांनी आटोक्यात येतो. आजवर झोपला होतात का?"

दुपारी बाप आला. खाटेशी उभा राहून पोरीवरच खेकसला, "एवढं होत होतं तर बोलायचंस ना! तोंड नव्हतं तुला?"

काडीनं डोळे उघडले.

"गाय बोलली होती का, बाबा?"

बाहेर टेंपोवाल्यानं हॉर्न दिला. टेंपोत गाय उन्हात उभी होती, म्हणून बाप लगबगीनं निघून गेला.