एक्केचाळीस ते सेहेचाळीस

घरात तिला सगळे मधली म्हणायचे. थोरली लग्न करून गेली, धाकटी नोकरीसाठी गेली आणि मधली तेवढी मधेच राहिली. दिवसभर ती टायपिंगच्या दुकानात लोकांचे अर्ज, करार, प्रबंध टाइप करायची आणि उरलेल्या वेळात स्वतःची कादंबरी लिहायची. उरलेला वेळ म्हणजे काय, तर पोळपाटावर शेवटी चिकटून राहतो तेवढा गोळा. कादंबरी चार प्रकाशकांकडे जाऊन चार वेळा परत आली होती. चारही पत्रांत ‘आपली शैली चांगली आहे, परंतु’ असं होतं. त्या परंतुच्या पुढचं तिने वाचणं सोडलं होतं.

दुकानात एक निवृत्त मास्तर यायचे. सगळा जन्म वर्गात गेला आणि आता कादंबरी लिहीत होते, एका घड्याळजीची. अक्षर मोत्यासारखं आणि वाक्यं मात्र हजेरी घेतल्यासारखी. मधली मुकाट्याने टाइप करायची. तीही कादंबरी घेऊन प्रकाशकांकडे जाते, एवढं त्यांना ठाऊक होतं.

चाळिसाव्या पानावर घड्याळजी आजारी पडला आणि त्याची बायको आयुष्यात पहिल्यांदा दुकान उघडायला गेली. ‘तिने कुलूप काढलं आणि’ इथे पान संपलं. पुढचं पान थेट सत्तेचाळीस, ‘दुकान बंद करून ती घरी आली.’ अख्खा दिवस गायब. मास्तर डोळ्याच्या ऑपरेशनसाठी दवाखान्यात, फोन बंद आणि प्रकाशकाची तारीख तोंडावर.

हरवलेल्या पानांच्या जागी काहीतरी भरून ठेवायचं, म्हणजे पुढचे आकडे चुकत नाहीत, ही टायपिंगवाल्यांची जुनी सवय. बाकीचे एकच ओळ शंभरदा चिकटवतात. मधलीने त्या बाईचा दिवस लिहिला. सगळी घड्याळं वेगवेगळी वेळ दाखवतायत आणि कुठलं खरं ते विचारायला माणूस नाही, असा. सहा पानं कधी झाली ते तिला कळलंही नाही. मास्तर आले की काढून टाकू, असं ठरवून ती घरी गेली आणि तापाने आठ दिवस पडली. तेवढ्यात मास्तरांनी दुकानाच्या मालकाकडून प्रत घेतली आणि न वाचताच प्रकाशकाकडे पाठवून ते मोकळे झाले.

दोन महिन्यांनी मास्तर पत्र घेऊन आले. पुस्तक स्वीकारलं होतं.

“ऐक,” ते म्हणाले आणि चष्मा पुसून वाचू लागले. “‘विशेषतः घड्याळजीच्या पत्नीचा दुकानातला दिवस. असं लिखाण आमच्याकडे क्वचित येतं.’ क्वचित, बरं का.”

मधलीला एकदम हसावंसं वाटलं आणि एकदम रडावंसं.

“छान आहे, सर,” ती म्हणाली.

त्या संध्याकाळी आई भाजी निवडत होती. मधलीने तिला सगळं सांगितलं.

“म्हणजे छापून येणार तू, पण त्यांच्या नावावर?”

“हो.”

“मग काय करणार?”

“काय करणार? दमलेय गं मी. निदान कुठेतरी छापून तरी येईल.”

आईने एक किडकं पान काढून बाजूला टाकलं. “उद्या ते पुस्तक विकत आणशील, मला दाखवशील. मी शेजारणीला काय सांगू? हे आमच्या मधलीचं नाही म्हणून?”

सकाळी मास्तर करारावर काय लिहायचं ते विचारायला आले. मधलीने मशीन बंद केलं.

“सर, ती सहा पानं माझी आहेत. तुमची हरवली होती म्हणून मी जागा धरायला लिहिली. काढायची राहून गेली.”

मास्तर बाकावर बसले.

“जागा धरायला रुमाल टाकतात, बाई,” ते म्हणाले. “तू अख्खं माणूस आणून बसवलंस.”

“चुकलंच माझं.”

“हरवली नव्हती ती पानं. मी लिहिलीच नव्हती.” ते खाली बघत होते. “त्या बाईचा दिवस मला सुचेना. म्हटलं, आकडे सोडून ठेवू, मागाहून लिहू. मग डोळ्याचं निघालं. पत्र वाचलं तेव्हा मनाला म्हटलं, असेल लिहिलं आपणच, गोळ्यांच्या गुंगीत. चाळीस वर्षं पोरांच्या कॉप्या पकडल्या मी. आणि बघ.”

बाहेर एक गाडी उगाचच हॉर्न वाजवत उभी होती.

“राहू दे सर, चालेल मला,” मधली म्हणाली. आणि म्हणताना तिला कळलं, की चालणार नव्हतं.

“मला नाही चालणार. काढ ती. कोरे कागद दे.”

“पण प्रकाशकाला तीच आवडलीत. नाही म्हणाले तर?”

“तर नाही म्हणतील. तुला किती वेळा म्हणालेत?”

“चार.”

“मग माझी आता कुठे सुरुवात आहे.” त्यांनी पेनचं टोपण काढलं. “तुझी सहा पानं तू घरी ने. त्या बाईला स्वतःचा नवरा दे, स्वतःचं दुकान दे. माझ्या घड्याळजीच्या घरात ती मावत नाही.”

मास्तर दुपारपर्यंत बाकावर लिहीत बसले. खोडत, सुस्कारे टाकत, मधेच नुसतेच भिंतीकडे बघत. मधलीने एकदाही डोकावलं नाही. त्यांनी कागद दिले तेव्हा त्यांचे डोळे लाल झाले होते.

तिने कागद समोर लावले. पहिलं वाक्य होतं, ‘दुकानात तिला दिवसभर फार अवघडल्यासारखे झाले.’ मधलीची बोटं थांबली. हे वाक्य कसं उठून उभं राहील ते तिला दिसत होतं, दोन शब्द उडवले की पुरे. बाकावर मास्तर मान टाकून बसले होते.

तिने ते होतं तसं टाइप केलं. मग दुसरं, मग तिसरं. असं टाइप करायला तिला आयुष्यात कधी एवढा वेळ लागला नव्हता.